इतिहास-राज्यशास्त्र: चाळीस मार्कांच्या पलीकडे शाळेत काय करता येईल?

फळा_डस्टर

दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या पेपरला ४० गुण. त्यातले २८ इतिहासाला, १२ राज्यशास्त्राला. वेळ दोन तास. भूगोलाचे वेगळे ४०, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. हा हिशेब आधी मांडला, कारण आमच्या शिक्षकखोलीत काय किंवा पालकसभेत काय, इतिहास कसा शिकवावा याची चर्चा फिरून फिरून इथेच येऊन अडते. "बाई, बारा मार्कांसाठी एवढं कशाला?" हे पालक म्हणतात तसे सहकारीही म्हणतात.

मी पुण्याच्या पेठांमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावी ते दहावीला इतिहास शिकवते. पुस्तकांच्या नावाने खडे फोडायला हा धागा काढलेला नाही. बालभारतीचं दहावीचं पुस्तक २०१८ ला बदललं. सनावळ्या आणि लढाया बाजूला ठेवून इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे धडे आले. कल्पना उत्तमच. पण प्रश्नपत्रिका काय विचारते? चुकीची जोडी ओळखा. संकल्पनाचित्र पूर्ण करा. टीप लिहा. मग होतं असं, की मूळ कागदपत्रं तपासल्याशिवाय इतिहास लिहू नये असं रांके हा जर्मन इतिहासकार म्हणाला, हे वाक्य मुलं घोकून पाठ करतात. आणि एकही मूळ कागद न बघता दहावी पास होतात. तेही पुण्यात! पेशवे दफ्तर इथे, भारत इतिहास संशोधक मंडळ इथे (१९१० पासून), भांडारकर संशोधन संस्था इथे (१९१७ पासून), डेक्कन कॉलेज इथे. एवढंच काय, पुस्तक छापणारी बालभारतीसुद्धा सेनापती बापट रस्त्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की अभ्यासक्रम बदलायची वाट बघत बसू नये. ते २० अंतर्गत गुण आपल्या हातात आहेत. आज ते बहुतेक ठिकाणी वही पूर्ण आहे का आणि छोट्या चाचणीत काय पडले यावर वाटून टाकले जातात. त्यातले निम्मे जरी एखादा खरा कागद वाचणं, एखादी खरी जागा बघणं आणि एखाद्या खऱ्या कचेरीचा कारभार समजून घेणं यावर दिले तर? सहावी ते नववीला तर बोर्डही आडवं येत नाही.

कोणी केलंय का असं काही? शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. फक्त "हल्लीच्या मुलांना काही येत नाही" हे नको, ते रोज ऐकते.

हडपसरचा_गणू

ताई, +१.

गंमत सांगतो. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. एमपीएससीवाल्या पोरांच्या टेबलावर काय दिसतं? सहावी ते दहावीची बालभारतीची इतिहास-नागरिकशास्त्राची पुस्तकं. अप्पा बळवंत चौकातून जुने संच शोधून आणायचे, पिवळा मार्कर घेऊन ओळ न ओळ वाचायची. मीही त्यातलाच. राज्यपाल विधेयक परत पाठवू शकतात का, हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. शाळेत त्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं, तेवढाच आमचा संबंध.

म्हणजे पुस्तक वाचण्यासारखं आहे याबद्दल वादच नाही. वाचायला कारण मिळालं तेव्हा वाचलं.

कोथरूडचे_काका

प्रस्ताव चांगला, पण एक खुस्पट काढतो. सनावळ्यांना एवढं तुच्छ लेखू नका. माझा नातू नववीत आहे. त्याला विचारलं, आधी अठराशे सत्तावन्नचा उठाव की आधी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण? तो म्हणाला, "ऑप्शन्स काय आहेत?" १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर निशाण चढलं, त्यानंतर तीस वर्षांनी याच गावात मुलींची शाळा निघाली, त्यानंतर नऊ वर्षांनी उठाव. हा क्रम डोक्यात नसेल तर फुले कोणत्या पुण्यात उभे राहून बोलत होते ते कसं कळणार? पेशवाई बघितलेली माणसं तेव्हा गावात हयात होती.

आमच्या मास्तरांनी छडी मारून सनावळ्या पाठ करून घेतल्या. छडी सोडा, पण पाठांतर अगदीच मोडीत काढू नका.

मोडीवाचक

काका, मोडीत काढू नका म्हणालात, मग मला यायलाच हवं. :)

मी हौसेने मोडी ही जुनी मराठी लिपी शिकलो. पुराभिलेखागारात (पेशवे दफ्तर म्हणतात तेच) कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचणारे फार थोडे. पण फळा_डस्टर, एक सावधगिरी: पन्नास मुलांची सहल घेऊन तिथे जाऊ नका. ते वाचणाऱ्यांचं ठिकाण आहे. मुलांना रुमालात बांधलेली दप्तरं लांबून दिसतील आणि ती वडापाव कुठे मिळतो हे विचारत परत येतील. कागदाची छापील प्रत वर्गात न्या.

एका ओळखीच्या शिक्षिकेच्या सातवीच्या वर्गात मी असा तास घेतला. विषय सगळ्यांना माहीत असलेला: शिवजन्माची तारीख. मुलांना विचारलं, १९ फेब्रुवारी १६३० कशावरून? कुणाला सांगता येईना. "पुस्तकात आहे", "सुट्टी असते". मग फळ्यावर दोन रकाने केले. एकीकडे नंतरच्या काळातल्या बखरी: शके १५४९, वैशाख, म्हणजे १६२७. दुसरीकडे जेधे शकावली: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी. बखर म्हणजे काय आणि शकावली म्हणजे काय ते दोन-दोन वाक्यांत सांगितलं. एक गोष्ट रंगवून सांगते, दुसरी नुसती नोंद करते. जेधे हे भोरजवळच्या कारीचे देशमुख, कान्होजी जेधे महाराजांचे जुने सोबती. त्यांच्या घराण्यात ही नोंदवही राहिली आणि पुढे लोकमान्य टिळकांनी ती छापली.

मग विचारलं, तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल आणि का?

पुढची वीस मिनिटं मला काही बोलावंच लागलं नाही. एक मुलगा म्हणाला, जेध्यांच्या घरातली वही आहे, ते ओळखीचे होते, त्यांना माहीत असणार. लगेच एक मुलगी, "ओळखीचे होते म्हणूनच ते चांगलं चांगलं लिहितील." त्यावर तिसरी, "पण तारखेत चांगलं-वाईट काय असतं?" अहो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता! मग सांगितलं की राजस्थानात एक कुंडली सापडली आणि तीही शकावलीशी जुळते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी एकच तारीख सापडली की पारडं कसं झुकतं ते मुलांना झटकन कळलं. शेवटी एकाने तिथीनुसारची जयंती वेगळी का असते ते विचारलं, मग जुलियन आणि ग्रेगोरियन कॅलेंडरवर घसरलो. आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च येतो, हे ऐकून वर्गात गोंधळ.

साधने, तुलना, निष्कर्ष. दहावीच्या पहिल्या धड्यातलं सगळं त्या एका तासात झालं, आणि खर्च एका झेरॉक्सचा.

फळा_डस्टर

दंडवत! हा तास मी चोरणार.

काका, क्रमाचं पटलं. सनावळ्या नकोत असं माझं म्हणणं नाहीच. वर्गाच्या भिंतीवर छताखालून एक लांब कालरेषा लावते आणि प्रत्येक धड्यानंतर मुलं त्यावर चिठ्ठ्या चिकटवतात. पाठ करायला सांगावं लागत नाही, वर्षभर डोळ्यांसमोर असतं.

वस्तीतली_शाळा

मी महापालिकेच्या शाळेत आहे. सगळं छान चाललंय, आता जरा जमिनीवर येऊ या.

हे तास घेणार कोण आणि कधी? आमच्यातले कितीतरी शिक्षक बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आहेत. मतदारयादीचं काम निघालं की दारोदार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं शिक्षकांना देता येतात, आणि ती दिली जातात. "निवडणूक प्रक्रिया" हा धडा शिकवायचा तास बुडतो तो निवडणुकीच्याच कामामुळे. हसावं की रडावं?

वर इतिहासाला शिक्षक असेलच असं नाही. भाषेचा किंवा पीटीचा शिक्षक तास "ॲडजस्ट" करतो. त्याने बिचाऱ्याने जेधे शकावली कुठून आणावी? मोडीवाचक, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक शाळेला मिळत नाही. तेव्हा असे तास लिहून काढा. एक पान, एक कागद, पाच प्रश्न, अपेक्षित उत्तरं. तेवढं हातात असेल तर पीटीचे सरसुद्धा घेतील, आणि खरं सांगायचं तर मुलं त्यांचं जास्त ऐकतात.

करदाता

नागरिकशास्त्रासाठी माझी सूचना: मिळकतकराचं बिल. घरोघरी येतं, फुकट आहे, मराठीत आहे. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, शिक्षण उपकर. एकेका ओळीवर एकेक तास होईल. शिक्षण उपकर राज्य सरकारचा, मग तो महापालिका का गोळा करते? आगीचा बंब कोणाचा? पोलीस कोणाचे? (ते बिलात नाहीत, कारण ते राज्याचे. इथेच मुलांना धक्का बसतो.) केंद्र, राज्य, स्थानिक अशी तीन खणांची आकृती काढून जे समजत नाही ते यातून समजतं.

वस्तीतली_शाळा

करदाता साहेब, कल्पना भारी आहे, पण माझ्या वर्गात चालणार नाही. निम्मी मुलं भाड्याच्या खोलीत राहतात, बिल घरमालकाकडे. काहींची घरं वस्तीत, तिथे सेवाशुल्काची पावती असली तर असते. "घरून बिल आणा" म्हटलं की कोणाचं स्वतःचं घर आहे आणि कोणाचं नाही ते भर वर्गात उघडं पडतं. मी ते करणार नाही.

त्यापेक्षा वस्तीतला नळ घ्या. पाणी किती वाजता येतं, कोण सोडतं, नाही आलं तर आई कोणाकडे जाते? ही माहिती माझ्या मुलांकडे तुमच्या सोसायटीतल्या मुलांपेक्षा जास्त आहे. तिथे टँकरवाल्याला फोन लागतो, आमच्याकडे मोर्चा जातो.

करदाता

मान्य. हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मग बिल शाळेचंच घ्यावं की. शाळेच्या इमारतीचं. नाव-गाव झाकलेली एकच प्रत सगळ्यांना. नळाचंही करा.

सिंहगडरोड_वासी

स्थानिक शासनाचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडतो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधे प्रशासक. म्हणजे जून २०२२ मध्ये सहावीत गेलेल्या मुलाने "नगरसेवक पाच वर्षांसाठी निवडून येतात" हे वाचलं, परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. आणि ते मूल नववीच्या दुसऱ्या सत्रात जाईपर्यंत या शहरात एकही नगरसेवक नव्हता. संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि राज्यभरात हेच झालं.

किती शाळांमध्ये यावर एक तास झाला असेल? पुस्तक आणि खिडकीबाहेरचं शहर एकमेकांच्या विरुद्ध बोलत असताना बाईंनी पुस्तकाचीच बाजू घ्यायची, अशी आपली रीत. माझ्या मुलीने विचारलं होतं, "बाबा, मग आता कचऱ्याचं कोणाला सांगायचं?" ७४वी घटनादुरुस्ती (महापालिका-नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी) शिकवायला याहून चांगला प्रश्न कुठला?

आता नगरसेवक आहेत, तर दुसरी अडचण. बहुतेक प्रभागांत चार-चार. मतदाराने चार वेळा बटण दाबायचं. पुस्तकात सरळ "आपल्या वॉर्डाचा नगरसेवक" असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. मुलांना आपल्या प्रभागाची चार नावं शोधायला लावा, आणि रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर त्यातल्या कोणाला धरायचं ते विचारा. मोठ्यांनाही सांगता येत नाही.

दोघांची_आई

शाळेतल्या शाळेत बघा आधी. माझ्या मुलाच्या शाळेत (नाव नको) थाटात "लोकशाही सप्ताह" झाला. उमेदवारी अर्ज, प्रचार, मतपेटी, बोटाला शाई. निकाल लागला, आठवीतला एक खट्याळ मुलगा विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आला. दोन दिवसांनी सूचना आली की "शिस्त व गुणांचा विचार करून" दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला नेमलंय. मुलं काही बोलली नाहीत. पुढच्या वर्षी कोणी अर्जच भरेना, तेव्हा मुख्याध्यापकांना आश्चर्य वाटलं.

यापेक्षा निवडणूक घेतली नसती तरी चाललं असतं. मॉनिटर नेमा, नेमला म्हणून सांगा.

पालकांचंही तेच. विनाअनुदानित शाळांत फी ठरवण्याआधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, आणि त्या समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. २०११ चा शुल्क नियमनाचा कायदा आहे तसा. आमच्याकडे "इच्छुक पालकांनी ऑफिसात नाव द्यावे" अशी नोटीस लागते आणि नावं आधीच ठरलेली असतात. मी चिठ्ठ्या कधी टाकणार असं विचारलं तर "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" नाही हो, सहावीच्या मुलाचा अभ्यास घेते.

हडपसरचा_गणू

"तुम्ही वकील आहात का" =)) हे राज्यशास्त्राच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापा.

तटस्थ_निरीक्षक

सगळे एका गोष्टीला बगल देताय. शिक्षक घाबरतात. "तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?" हा प्रश्न तारखेपुरता ठीक आहे. तारखेच्या पुढे गेलात, कोणाच्या थोर पुरुषाबद्दल मुलाने घरी जाऊन वेगळंच काही सांगितलं, की संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी माणसं. ५ जानेवारी २००४ ला शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकावरून भांडारकर संस्थेत जी तोडफोड झाली ती पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. जिथे संशोधन संस्थेची कपाटं फुटतात तिथे सातवीच्या बाईंनी कोणत्या जोरावर चर्चा घ्यायची?

संपादक मंडळ

मुद्दा विषयाला धरून आहे म्हणून प्रतिसाद ठेवला आहे. २००४ च्या प्रकरणाची बाजू घेणारे आणि खोडणारे चार प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी जुने धागे आहेत, तिथे जावे.

फळा_डस्टर

भीती खरी आहे, मीही बाळगते. माझा उपाय अगदी साधा आहे, शूर वगैरे नाही. मी वर्गात मत सांगत नाही, साधन ठेवते. कागद काय म्हणतो, कोणी लिहिला, कधी लिहिला, यापुढे जात नाही. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत एक असा तास पालकांवरच करून दाखवते. पालक दोन रकान्यांवर भांडून घरी गेले की मुलांनी काही बोलल्याचं त्यांना नवल वाटत नाही. सगळ्या शंका मिटतात असं नाही, पण फाटकाशी येण्याआधी माणूस फोन तरी करतो.

आणि काही विषय मी सोडते. सोडलेले आहेत हे मला माहीत आहे.

बुधवारपेठ_१८४८

इतिहास आणि नागरिकशास्त्र वेगळे शिकवूच नयेत यासाठी एकच जागा पुरेशी आहे: भिडे वाडा. "मुलींची पहिली शाळा, १८४८, पुणे" ही रिकामी जागा प्रत्येक मुलाने भरलेली असते. दगडूशेठ गणपतीच्या समोरच ती वास्तू होती, आणि दर्शनाच्या रांगेतल्या बहुतेकांना ती दिसतही नव्हती. दुकानं, मोडकळलेला वरचा मजला. स्मारकासाठी जागा घ्यायची तर भाडेकरूंचं काय? खटला वर्षानुवर्षं चालला, उच्च न्यायालय झालं, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबरमध्ये रातोरात वाडा पाडला.

आता यात इतिहास किती आणि नागरिकशास्त्र किती ते वेगळं करून दाखवा. स्मारक म्हणजे काय? मूळ वास्तू पाडून बांधलेलं स्मारक चालेल का? दहावीच्या "ऐतिहासिक ठेव्यांचे जतन"मध्ये हा प्रश्न यायला हवा. भाडेकरूचा हक्क, सार्वजनिक हित, भूसंपादन, खालचं न्यायालय-वरचं न्यायालय, सगळं एका पत्त्यावर. तिथून चालत गंज पेठेत फुले वाड्यापर्यंत जावं. वाटेत मुलांना सांगावं की इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं निवेदन दिलं, १९११ मध्ये गोखल्यांनी त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं, आणि शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये. ज्या वर्गात तुम्ही बसता त्याला एवढी वर्षं लागली.

कोथरूडचे_काका

सुरेख. आणि बघा, सनावळ्या लागल्याच!

जाता जाता: भर बाजारातून मुलं नेताना दोन मोठी माणसं पुढे, दोन मागे ठेवा. लक्ष्मी रस्ता ओलांडणं हे स्वतंत्र प्रात्यक्षिक आहे.

वस्तीतली_शाळा

ते एकपानी तास लिहायचं काय झालं? नुसतं "वाचनखूण साठवली" करून पळू नका. मोडीवाचक, जेधे शकावलीचा तास तुमच्याकडे. करदाता, शाळेचं बिल नावं झाकून. मी नळाचा लिहिते. बुधवारपेठ, भिडे वाड्याचा घ्या, पण एक पान म्हणजे एक पान.

मोडीवाचक

रविवारपर्यंत टाकतो. एक विचारायचं राहिलं. या तासाला गुण कसे द्यायचे? ज्या मुलीने "ओळखीचे होते म्हणूनच चांगलं लिहितील" म्हटलं तिचा निष्कर्ष या तारखेपुरता चुकला, पण प्रश्न वर्गात सगळ्यांत चांगला होता. आणि ज्याने नुसतं "१९ फेब्रुवारी १६३०" लिहिलं त्याचं उत्तर बरोबर आहे.

फळा_डस्टर

तिला पाचपैकी पाच. त्याला दोन. त्याचे पालक येतील भांडायला, तेव्हा मी बघते. बोर्डाच्या पेपरात मात्र उलटं होईल, त्यामुळे दहावीच्या वर्गात हे जूनमध्येच उरकते. नोव्हेंबरनंतर कोणी ऐकून घेत नाही, मीसुद्धा नाही.